खोडव्यात पिवळी-पांढरी बेटं : केवडा, गवताळ वाढ की जमीनच क्षारपड झाली?

वारणाकाठ (२६ एप्रिल)

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमचा दोन एकर ऊस आहे, वाण को ८६०३२. दीड वर्षाची आडसाली लागण जानेवारीत तुटून गेली, आता तीन महिन्यांचा खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) उभा आहे. पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळलेलं नाही, बुडखे छाटून घेतले होते. मार्चपर्यंत फुटवा एकसारखा होता. पाडव्यानंतर शेताच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या पंधरा-वीस गुंठ्यांत, शेंड्याची पानं पिवळी पडत गेली. काही ठिकाणी तर पार पांढरी झाली. त्याशिवाय वरच्या भागात, जिथं ऊस चांगला काळाभोर आहे, तिथंही मधूनच एखादं बेट (एका बुडख्यातून फुटलेला झुपका) पिवळट आणि गवतासारखं दाट फुटलेलं दिसतं.

दुकानात पानं दाखवली. बुरशीनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली, टॉनिक आणि स्टिकर असं सगळं एकत्र फवारायला सांगितलं. शेजारचे अण्णा म्हणतात पाणी वाढव, चुलते म्हणतात पाणी तोड.

गेल्या वर्षीचा माती अहवाल असा: सामू (पीएच) ८.६, क्षारता १.४, सेंद्रिय कर्ब ०.४२, मुक्त चुना १४ टक्के, पालाश भरपूर. सोडियम तपासलेला नाही. जाणकारांनी सांगावं. तोपर्यंत फवारणी थांबवून ठेवली आहे.

नीराकाठ (२६ एप्रिल)

थांबलात ते योग्य केलंत. मी शेती खात्यात नोकरी केली, आता घरचीच शेती बघतो. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळी दुखणी दिसतात. दोन्हीत पान पिवळं पडतं म्हणून ती एकच वाटतात, पण एकाचं मूळ जमिनीत आहे आणि दुसऱ्याचं बेण्यात, म्हणजे लागणीच्या उसात.

केवडा, म्हणजे लोहाअभावी पान पिवळं-पांढरं होणं, पडतो तो पट्ट्याने. जमीन जिथं बिघडलेली तिथं सलग दहा-वीस बेटं पिवळी. पान हातात घेऊन उजेडाकडे धरा. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पिवळी असेल, खालची जुनी पानं हिरवीच असतील, तर लोहाची कमतरता. फार वाढली की शिराही पांढऱ्या होतात, तरी जुन्या पानांत हिरवा रंग राहतो.

गवताळ वाढ पट्टा बघत नाही. एक बेट रोगट, त्याला चिकटून उभं असलेलं दुसरं निरोगी. रोगट बेटात बारीक फुटव्यांचा झुपका असतो, पानं अरुंद आणि आखूड, कांडी धरत नाही, गाळपाला जाईल असा ऊसच तयार होत नाही. हा रोग फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. बेण्यातून येतो आणि तुडतुड्यांमार्फत थोडाफार पसरतो. याला बुरशीनाशक कशासाठी मारायचं? ती बुरशीच नाही.

खात्री करायची असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात थोडं लिंबू पिळा म्हणजे द्रावण तांबूस होऊन लोह वाया जाणार नाही. दुसरं काहीही मिसळू नका. खालच्या भागातल्या दोन सऱ्यांवर आणि वरच्या चार-पाच गवताळ बेटांवर संध्याकाळी फवारा, खुणेला काठ्या रोवा. आठवडा-दहा दिवसांनी जे हिरवं होईल तो केवडा. जे ढिम्म राहील ते उपटायचं.

माळशिरस_मळा (२७ एप्रिल)

सर, आमच्याकडे दर खोडव्याला हे होतं आणि वळवाचा पाऊस झाला की आपोआप हिरवं होतं. मग इतकं मनावर घ्यायचं कशाला?

नीराकाठ (२७ एप्रिल)

बरोबर आहे, बरेचदा होतं. तोड झाल्यावर जुन्या मुळ्या मरत जातात आणि नव्या फुटव्याच्या मुळ्या अजून पसरलेल्या नसतात. त्या मधल्या काळात चुनखडीच्या जमिनीत लोह उचलणं पिकाला जड जातं. त्यात भरपूर पाणी दिलं तर मातीतली हवा संपते, बायकार्बोनेट वाढतं आणि लोह असूनही मिळत नाही. पाऊस पडला, नव्या मुळ्या धावल्या, की पान हिरवं होतं. टॉनिकची बाटली जर मेच्या शेवटी फवारली असेल तर श्रेय तिला मिळतं आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा विकत घेतली जाते.

पण हिरवं होईपर्यंतचे दोन महिने हे फुटवे धरायचे असतात. तेव्हा उपाशी राहिलेलं बेट पुढे हिरवं दिसलं तरी ऊस मोजायला गेलं की कमी भरतो. आणि वारणाकाठ यांचा पट्टा ओढ्याकडचाच आहे, सगळ्या शेतात नाही. तो पट्टा मला साध्या केवड्याचा वाटत नाही.

पंचगंगा_शिरोळ (२७ एप्रिल)

दादा, मी शिरोळ तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या रानात ऊस गुडघ्याएवढाच राहायचा आणि उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरं मीठ फुटायचं. तुमचा अहवाल वाचून पहिल्यांदा तेच रान आठवलं, म्हणून लिहिते.

क्षारता १.४ आहे आणि पुस्तकात ४ च्या वर क्षारयुक्त लिहिलंय म्हणून आपली जमीन ठीक, असं समजू नका. ती ४ ची मर्यादा संपृक्त मातीच्या (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीच्या) अर्काची आहे. आपल्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात, त्यात आकडा कमी येतो. त्या पद्धतीत १ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. शिवाय तुमचा नमुना कुठला? दोन्ही एकरांतली माती एकत्र करून दिली असेल तर खालच्या पट्ट्याचा खरा आकडा त्यात बुडून गेलाय. खालचा आणि वरचा नमुना वेगळा द्या, एक फुटापर्यंतचा आणि त्याखालचा दुसऱ्या फुटाचाही वेगळा. सोबत विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम आणि जिप्समची गरज तपासायला सांगा. विहिरीचं पाणी देत असाल तर त्याचाही नमुना द्या.

आणि त्याच्याही आधी खड्डा घ्या. खाली एक, वर एक, चार फूट खोल. रात्रभर तसाच ठेवून सकाळी पाणी किती वर आलंय बघा. माती अहवालाला पंधरा दिवस लागतील, खड्डा उद्या सांगेल.

वारणाकाठ (३ मे)

ताई, सर, मनापासून आभार. नमुना सगळ्या शेताचा एकत्रच होता. नवे चार नमुने दिले आहेत.

खड्डे घेतले. वरच्या खड्ड्यात चार फुटांपर्यंत पाणी नाही, माती ओलसर आणि भुसभुशीत. खालच्या खड्ड्यात सकाळी अडीच फुटांवर पाणी उभं होतं. दीड फुटाखाली माती चिकट, निळसर करडी, कुजका वास. मुळ्या एक फुटाच्या खाली गेलेल्याच नाहीत, होत्या त्या काळ्या पडलेल्या. शेवटचं पाणी देऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

ओढा पूर्वी खोल होता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाळ येऊन बसला आणि आता त्यात बाभळी आणि लव्हाळा माजलाय.

फेरस सल्फेट दोन सऱ्यांवर मारलं आहे. निकाल कळवतो.

पंचगंगा_शिरोळ (३ मे)

मग तुमचं पहिलं काम ओढा. पान नाही, खत नाही, जिप्समही नाही.

पाणी अडीच फुटांवर उभं असेल तर ते उन्हाने केशाकर्षणाने वर चढत राहतं. पाणी उडून जातं आणि क्षार वरच्या थरात बसतात. तुम्ही वरून जितकं पाणी द्याल तितकी पातळी वर येते. अण्णा म्हणतात तसं पाणी वाढवून क्षार खाली धुऊन निघाले असते, पण कधी? खाली जाणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट असेल तर. तुमच्याकडे ती बुजलेली आहे.

माळशिरस_मळा (४ मे)

ताई, जिप्समलाही नाही का म्हणता? सगळे तेच सांगतात. आमच्या चुलत्यांनी दोन वर्षं टाकलं, काडीचा फरक नाही पडला. मला तर वाटतं जिप्सम हा नुसता खर्च आहे.

नीराकाठ (४ मे)

जिप्सम खोटं नाही, पण ते कशासाठी आहे ते बघून टाकावं लागतं. हा मुद्दा दरवेळी घाईत सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्षारपड हा आपण सरसकट वापरतो तो शब्द, पण त्यात निदान दोन प्रकार येतात. एक खारवट: विरघळणारे क्षार जास्त, सामू ८.५ च्या आत, वर पांढरा थर, पण मातीची रचना टिकून असते. इथं जिप्समचं कामच नाही. चांगल्या पाण्याने क्षार धुवायचे आणि निचऱ्याने बाहेर काढायचे. दुसरा चोपण: विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर, सामू ८.५ च्या वर. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन पोकळ्या बुजवतात. पाणी मुरत नाही, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, नांगर घातला तर ढेकळं. इथं जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतं आणि सोडियम सल्फेट होऊन ते पाण्यात विरघळतं. आता ते विरघळलेलं सोडियम सल्फेट जाणार कुठं? निचरा नसेल तर तिथंच राहणार. तुमच्या चुलत्यांच्या रानात निचरा होता का, आणि सोडियम तपासून जिप्सम टाकलं होतं का, हे दोन प्रश्न त्यांना विचारा.

चुनखडीच्या जमिनीत गंधकाचाही उपयोग होतो. जमिनीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते चुन्यावर काम करून कॅल्शियम मोकळं करतं. पण त्या जिवाणूंना हवा लागते. पाणी तुंबलेल्या मातीत गंधक नुसतं पडून राहतं. म्हणजे इथंही आधी निचराच.

माळशिरस_मळा (४ मे)

निचरा नव्हता, सर. तपासणीही नाही. दुकानातून पोती आणली आणि विस्कटली. हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आता चुलत्यांना इथलं वाचून दाखवतो.

गोदाकाठ_नेवासा (५ मे)

हे दुखणं कृष्णा-वारणेपुरतं नाही. नीरा डावा कालवा १८८५ ला सुरू झाला, त्यानंतर प्रवरा, गोदावरीचे कालवे आले. जिथं जिथं काळ्या भारी जमिनीवर पाटपाणी आणि ऊस आला तिथं काही वर्षांत खोलगट रानं पाणथळ झाली. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ चं, म्हणजे या जमिनींचा अभ्यास आपल्याकडे फार जुना आहे. तरीही अजून आपण दंडाने पाणी सोडून रात्री झोपायला जातो, कारण वीजच रात्री मिळते. शेतकऱ्याला दोष देत नाही मी. पण भारी जमिनीत ठिबक केल्याशिवाय हे थांबणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उसाला पाणी लागतं ते मुळांच्या थरात वापसा (ओल आणि हवा दोन्ही) टिकेल एवढंच.

वारणाकाठ (१२ मे)

फेरस सल्फेटचा निकाल. खालच्या भागातल्या सऱ्यांत नवीन पान हिरवं निघतंय, जुन्या पांढऱ्या पानांवर हिरवे ठिपके-पट्टे आलेत. शेजारच्या न फवारलेल्या सऱ्या तशाच पिवळ्या. वरच्या भागातली ती सुटी बेटं मात्र जशीच्या तशी. सर म्हणाले तसं दोन वेगळी दुखणी निघाली.

माती अहवालही आला. वरचा भाग: सामू ८.१, क्षारता ०.५. खालचा भाग: सामू ८.७, क्षारता २.३, विनिमययोग्य सोडियम १७ टक्के. दुसऱ्या फुटात यापेक्षा वाईट. वर्षभर मी दोन्ही भागांना एकच खत आणि एकच पाणी देत होतो, कारण कागदावर जमीन एकच होती.

आता गवताळ बेटांचं काय? आणि हे बेणं मी पुढच्या लागणीला वापरणार होतो.

बेणेमळा_कराड (१२ मे)

ते बेणं वापरू नका. दादा, हे अगदी कळकळीने सांगतो, कारण बेण्याचे मळे करणं हेच आमचं काम आहे आणि नव्वद टक्के लोक बेणं म्हणजे शेजाऱ्याचा दिसायला चांगला ऊस एवढंच बघतात.

गवताळ वाढ, काणी, खोडव्याचा खुजा रोग, तिन्ही टिपरीतून (लागणीच्या उसाच्या तुकड्यातून) पुढच्या पिकात जातात. लागणीच्या पिकात त्यांची खूण अनेकदा दिसतच नाही, खोडव्यात उघडी पडते. खुजा रोगात तर बाहेरून काहीच दिसत नाही, ऊस फक्त बारीक आणि आखूड राहतो आणि माणूस म्हणतो वाण थकला. तो जिवाणू कोयत्याच्या पात्यावरूनही एका उसातून दुसऱ्यात जातो.

आत्ता करायचं ते असं. प्रत्येक गवताळ बेट बुडख्यासकट कुदळीने खणून काढा, नुसतं कापलं तर परत फुटतं. शेताबाहेर नेऊन जाळा. महिन्याने पुन्हा एक फेरी मारा. याच फेरीत काणीही बघा. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघाला असेल तर आधी त्यावर पिशवी चढवून तोंड बांधा, मगच कापा. नाहीतर त्या काळ्या पुडीतले बीजाणू वाऱ्याने सगळ्या शिवारात जातात.

पुढच्या लागणीसाठी बेण्याची साखळी पाळा. उष्ण बाष्प प्रक्रिया केलेलं मूलभूत बेणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. बाष्प प्रक्रियेत ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बेणं ठेवतात, म्हणजे आतला फायटोप्लाझ्मा आणि जिवाणू मरतो पण डोळा जिवंत राहतो. घरी गरम पाण्यात बुडवून हे जमत नाही. तापमान दोन अंश इकडंतिकडं झालं तर एकतर रोग राहतो नाहीतर डोळा जातो. पाडेगाव केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बऱ्याच कारखान्यांचे ऊस विकास विभाग असं बेणं किंवा ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं देतात. नोंदणी मात्र बरीच आधी करावी लागते. दोन-तीन गुंठ्यांचा स्वतःचा बेणेमळा केला तरी पुरतो. तीन वर्षांनी बेणं बदलायचं.

बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं घ्या, खोडव्याचं कधीच नको. लावण्याआधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन टिपऱ्या दहा मिनिटं बुडवा, नंतर अ‍ॅसेटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच पिपात कालवू नका. हे रोज कुणीतरी करताना दिसतं आणि जिवाणूंचे पैसे तिथंच जातात.

तराईतला_मराठी (१३ मे)

मी मूळचा साताऱ्याचा, साखर कारखान्याच्या नोकरीमुळे उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीकडे असतो. बेण्याच्या मुद्द्यावर इथलं सांगायलाच हवं.

को ०२३८ हा वाण कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेच्या कर्नाल केंद्रातून आला, २००९ मध्ये प्रसारित झाला. साखरेचा उतारा आणि वजन दोन्ही चांगलं, त्यामुळे इथल्या बहुतांश उसाखाली तोच एक वाण गेला. मग लाल कूज (उसाचा बुरशीचा रोग) आली. शेंड्याकडून तिसरं-चौथं पान पिवळं पडून वाळतं, ऊस उभा चिरला की आत लाल आणि त्यात आडवे पांढरे पट्टे, आंबट दारूसारखा वास. सगळीच्या सगळी शेतं वाळलेली मी पाहिली आहेत. एकदा उसाच्या आत गेल्यावर तिच्यावर औषध नाही. रोगट शेतातलं बेणं आणि रोगट शेतातून वाहत आलेलं पाणी, दोन्हींनी ती पुढे गेली.

महाराष्ट्रात लाल कूज तुलनेने कमी आहे, पण तिथंही को ८६०३२ वर किती भिस्त आहे बघा. तो १९९६ पासून शेतकऱ्याला साथ देतोय, फार गुणी वाण आहे. तरी एका गावात तीन-चार वाण असायला हवेत, इतकंच माझं म्हणणं.

पंचगंगा_शिरोळ (१३ मे)

वाणावरून एक सांगते. क्षारपड रानात फुले २६५ तग धरतो, आमच्याकडे आधी तोच लावला होता. पक्व व्हायला उशीर लागतो म्हणून काही कारखाने नोंद घेताना कुरकुर करतात, लावण्याआधी विचारून घ्या. पण सोसणारा वाण लावला म्हणजे जमीन सुधारली असं मात्र नाही.

वारणाकाठ दादा, तुम्ही आता एक अवघड निर्णय घ्यावा असं मला वाटतं. खालच्या पट्ट्यातला खोडवा मोडा. या मेमध्येच. पाणी बाहेर काढायला जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे तर रान मोकळं आणि कोरडं लागतं, जूनच्या पावसानंतर यंत्र आत जात नाही. खोडवा ठेवलात तर थेट पुढचा उन्हाळा.

नीराकाठ (१३ मे)

इथं मी ताईंशी सहमत नाही. तीन महिन्यांचं पीक मोडायला सांगणं सोपं नाही. त्यांनी पाचटात, खतात, मजुरीत पैसे घातलेत. वरच्या बाजूला उघडा चर काढून आणि पाणी कमी करून हा खोडवा काढता येईल, पुढच्या वर्षी पाइपचं काम करावं.

पंचगंगा_शिरोळ (१४ मे)

सर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण त्या पट्ट्यात मुळ्या फूटभरच आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याची पातळी वर आली की त्या मुळ्याही जातील. तो ऊस कारखान्याला जाईल तेव्हा तोडणीचा खर्चही निघेल की नाही शंका आहे. आणि तोवर क्षार आणखी एक वर्ष वर चढलेले असतील. आम्ही असं एकेक वर्ष पुढे ढकलत होतो. सासऱ्यांनी उभा ऊस मोडायचं ठरवलं त्या वर्षापासून रान सुधारायला लागलं.

पाइपबद्दल माहिती देते. ८० मिलिमीटर व्यासाचे नालीदार, भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप असतात, त्यावर गाळणीचं कापड गुंडाळलेलं असतं. साडेतीन ते चार फूट खोलीवर उतार देऊन टाकतात. दोन ओळींतलं अंतर मातीवर ठरतं, भारी जमिनीत जवळ. सगळ्या ओळी एका मोठ्या पाइपला जोडून तो ओढ्यात सोडायचा. अंतर आणि उतार अंदाजाने ठरवू नका. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुमच्या जिल्ह्यातच आहे आणि निचऱ्यावर त्यांचं खास काम आहे, तिथं जाऊन या.

एकट्याने करण्यापेक्षा शिवाराने मिळून करा. आमच्याकडे श्री दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेतला, गावोगावी शेतकऱ्यांना एकत्र करून मुख्य पाइपलाइन नेली, म्हणून ते जमलं. कारण तुमचं पाणी बाहेर काढायचं तर ते चार जणांच्या रानातून जातं आणि त्यातला एक जरी नाही म्हणाला तरी काम अडतं.

नीराकाठ (१४ मे)

फूटभर मुळ्यांचा मुद्दा मान्य करतो. दुसऱ्या फुटातला अहवाल पहिल्यापेक्षा वाईट आहे, हे पाहता ताईंचं म्हणणं जास्त पटतं. वारणाकाठ, निर्णय तुमचा. मात्र एक तपासा: पावसाळ्यात ओढ्याचं पाणी पाइपच्या तोंडाच्या वर येतं का? येत असेल तर पाणी उलटं शेतात शिरेल. मग टोकाला छोटी विहीर बांधून पंपाने उपसा करावा लागतो. पाइप टाकण्याआधी ओढ्यातला गाळ काढून तळ किती खाली जातो ते मोजून घ्या.

वारणाकाठ (१९ मे)

घरात सगळ्यांशी बोललो. खालचे अठरा गुंठे मोडतोय. वडिलांना जड गेलं, पण खड्डा दाखवल्यावर तयार झाले. डिग्रजला जाऊन आलो, त्यांनी लेव्हल घ्यायला सांगितलं आहे. ओढ्यासाठी खालच्या पाच शेतकऱ्यांची बैठक झाली, चार तयार आहेत. पाचव्यांच्या बांधावर झाडं आहेत, ती न तोडता वळण घेऊन गाळ काढायचं बोललोय.

वरच्या भागातली गवताळ बेटं खणून काढली. नांग्या भरू का, म्हणजे रिकाम्या जागी नवीन रोपं लावू का? आणि मोडलेल्या पट्ट्यातल्या पाचटाचं काय करू? वरच्या भागात पाचट ठेवलंय तेही उंदरांना जागा होतं म्हणून काही जण काढायला सांगतात.

बेणेमळा_कराड (१९ मे)

नांग्या आता नको. चार महिन्यांच्या खोडव्यात नवीन रोप सावलीत दबून जातं. नांग्या पहिल्या महिन्यातच भरायच्या असतात.

गोदाकाठ_नेवासा (२० मे)

वरच्या भागातलं पाचट अजिबात काढू नका. हेक्टरी साडेसात ते दहा टन पाचट निघतं, त्यातलं सेंद्रिय कर्ब जमिनीला परत देण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. तुमचा कर्ब ०.४२ आहे. कुजलं नसेल तर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून ओल द्या, पाचट पायाने दाबून मातीला भिडवा. उंदरांसाठी बांध साफ ठेवा, बिळं शोधा.

पाणथळ पट्ट्याचं वेगळं. तिथं पाचट ओल धरून ठेवतं आणि तिथं ओल आधीच जास्त आहे. ते बाहेर काढून खड्ड्यात कारखान्याच्या मळीबरोबर (रस गाळून उरलेल्या गाळाबरोबर) कुजवा आणि पाइपचं काम झाल्यावर खत म्हणून परत आणा.

नीराकाठ (२० मे)

वरच्या भागाला खताचा दुसरा हप्ता १३५ दिवसांनी, म्हणजे आता जवळच आलाय. खोडव्याला एकरी १०० किलो नत्र, ४६ किलो स्फुरद, ४६ किलो पालाश ही शिफारस आहे, त्याचे दोन समान हप्ते. तुमचा पालाश भरपूर आहे, तो कमी करा. पहिला हप्ता सरीच्या एका बाजूला दिला असेल तर हा दुसऱ्या बाजूला, पहारीने चार ते सहा इंच खोल भोकं पाडून, बुडख्यापासून वीतभर अंतरावर. पाचटावर युरिया विस्कटू नका, तसा दिला तर बराचसा हवेत जातो.

वळवाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी बांधावरच्या कडुलिंबावर आणि बाभळीवर बॅटरी मारून बघा. हुमणीचे (मुळ्या खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे पाला खायला जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. हे सगळ्या गावाने एकाच वेळी केलं तरच उपयोग.

वारणाकाठ (२१ मे)

शेवटचा प्रश्न. पाइपचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं तर त्या अठरा गुंठ्यांत लगेच ऊस लावू का, की धैंचा (गाडून टाकायचं हिरवळीचं पीक)? बी किती लागेल?

पंचगंगा_शिरोळ (२१ मे)

धैंचा. तो क्षारही सोसतो आणि पाणथळही. अठरा गुंठ्यांना आठ-नऊ किलो बी पुरे. जिप्सम प्रयोगशाळेने सांगितलेल्या प्रमाणात, शेणखतात मिसळून पेरणीआधी वरच्या चार इंचांत कालवा, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर सोडियम पाइपातून बाहेर पडेल. पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत, फुलावर यायच्या आत, गाडून टाका. उशीर केला तर खोड कडक होतं आणि कुजायला वेळ लागतो. रब्बीत गहू घ्या, तोही बऱ्यापैकी सोसतो. ऊस पुढच्या वर्षी, तोही त्याच जागेचा माती नमुना पुन्हा तपासून मगच.

पाइपच्या तोंडाला जाळी बसवायला विसरू नका, खेकडे आणि उंदीर आत शिरतात. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बाहेर येणाऱ्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून त्याची क्षारता तपासा. आकडा इथं टाका, म्हणजे किती क्षार बाहेर निघतायत ते सगळ्यांना कळेल.